सूत्र कुठे संपते आणि विधी कुठे सुरू होतो



पर्युषण जवळ आले की सगळ्यांच्या फोनवर पीडीएफचा पाऊस पडू लागतो. प्रतिक्रमणाची पुस्तिका, स्तवनसंग्रह, पच्चक्खाणाची वेळ, स्वप्नांच्या बोल्या, तपस्वींची नावे. त्यात दोन मजकुरांच्या मधे काय असते? कमळांची रांग. कधी हात जोडलेल्या चित्रांची रांग, कधी दिवे, कधी टिंबटिंब. आणि जिथे खरोखर काही मधे असायला हवे, म्हणजे सूत्र संपून विधीची सूचना सुरू होते तिथे, नेमके काहीच नसते. मजकूर सलग पळत असतो.

परिणाम तुम्ही पाहिला असेल. नवीन सून किंवा कॉलेजातली मुलगी हौसेने सूत्र बोलायला पुढे होते. छान सुरात बोलत जाते आणि त्याच सुरात ‘एक लोगस्सचा काउस्सग्ग करावा, न येत असल्यास चार नवकार’ हेही म्हणून टाकते. बायका हसतात. पुढच्या वर्षी ती मुलगी पुढे येत नाही. मला यात दोष त्या मुलीचा वाटत नाही. तिच्या हातात जे दिले त्यात सूत्र आणि सूचना एकाच टाइपात, एकाच ओळीत होते. तिने काय ओळखायचे?

म्हणून आज हा रेषेचा विषय काढते आहे. दोन मजकुरांच्या मधली रेष. कोणी म्हणेल, धर्माचे सोडून हिला रेषांचे काय पडले आहे. पण आपल्या धर्मात कुठे थांबायचे याचा जेवढा हिशेब ठेवला आहे तेवढा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

नवकाराचेच घ्या. अक्षरे ६८, पदे ९, आणि संपदा ८. संपदा म्हणजे थांबण्याची जागा. पदे नऊ असून थांबे आठच, कारण शेवटची दोन पदे एका दमात, एक अर्थ म्हणून जातात. लहानपणी पाठशाळेत हे आपण आकडे म्हणून पाठ केले. पण त्याचा अर्थ असा की कुठे श्वास घ्यायचा हेसुद्धा कोणाच्या मर्जीवर सोडलेले नाही. देवेंद्रसूरींच्या चैत्यवंदन भाष्यात तर सूत्रासूत्राचा हिशेब आहे. इरियावहीच्या ८ संपदा, नमुत्थुणंच्या ९, अरिहंत चेइयाणंच्या ८, लोगस्सच्या २८, पुक्खरवरच्या १६, सिद्धाणंच्या २०. नवकाराच्या ८ धरून बेरीज ९७. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे बेरीज करून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. बरोबर येते.

आणि ज्ञानाच्या अतिचारांची यादी आठवा. अक्षर कमी बोलले, जास्त बोलले, पद गाळले, तसाच एक अतिचार ‘वच्चामेलियं’. एका शास्त्राचा पाठ दुसऱ्यात मिसळून बोलणे. म्हणजे दोन मजकुरांची सरमिसळ ही आपल्याकडे नुसती गैरसोय नाही, तिचे मिच्छामि दुक्कडं मागावे लागते. मग पुस्तिका तयार करतानाच ती सरमिसळ कागदावर छापून ठेवायची आणि वाचणारीला अतिचार लावायचा, हे मला पटत नाही.

याहून जवळचे उदाहरण म्हणजे निसीहि. देरासरात आपण ती तीनदा बोलतो. मुख्य दारात पहिली: इथे घरसंसार संपला, गॅस बंद केला का, दूधवाल्याचा हिशेब राहिला का, सगळे बाहेर. गाभाऱ्यात शिरताना दुसरी: आता देरासराच्या व्यवस्थेचेही विचार नकोत, कोपऱ्यात जाळे दिसले तरी ते नंतर. चैत्यवंदनाच्या आधी तिसरी: केशर-फुलांची द्रव्यपूजा झाली, आता भावपूजा. तिन्ही वेळा शब्द तोच. त्या शब्दाच्या पोटात काही मजकूर नाही. तो फक्त सांगतो की मागचा विषय इथे संपला. आणि लक्षात घ्या, तीनच वेळा. प्रत्येक पायरीवर निसीहि म्हणत गेलो तर तिचा अर्थच उरणार नाही.

आता संगणकाकडे येते. नातवाच्या शाळेच्या पुस्तकात वेबपेज कसे बनवायचे असा एक धडा आहे. त्याला शिकवता शिकवता मीच शिकले. पान लिहिण्याच्या त्या भाषेला एचटीएमएल म्हणतात, आणि तिच्यात ‘एचआर’ नावाची एक खूण आहे. मूळ अर्थ आडवी रेष. १९९५ च्या एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीतही ती होती. तेव्हा ती खरोखर रेषच होती: किती जाड, किती लांब, सावली हवी की नको, हे सगळे त्या खुणेतच लिहायचे. नातवाच्या पुस्तकात अजून तेच शिकवतात, परीक्षेला प्रश्नही तोच येतो.

पण २०१४ मध्ये एचटीएमएल५ अधिकृत झाले त्यात या खुणेचा अर्थ बदलला. नाव तेच ठेवले, पण आता ती रेष नाही, ती विषयबदलाची खूण आहे. कथेत प्रसंग बदलतो, लेखात एक मुद्दा सोडून दुसरा घेतो, तिथे ती घालायची. दिसायला ती रेष असो, तीन तारे असोत की नुसती मोकळी जागा, ते ठरवण्याचे काम सीएसएस नावाच्या वेगळ्या भाषेकडे दिले. अर्थ एकीकडे, रूप दुसरीकडे. द्रव्य आणि भाव वेगळे केले, असे मी नातवाला म्हटले. तो म्हणाला, आजी, हे पेपरात लिहू नको सांगू.

मला त्या खुणेची आणखी एक गोष्ट आवडली. बाकी बहुतेक खुणा जोडीने येतात: एक उघडणारी, एक बंद करणारी, मधे मजकूर. एचआरला बंद करणारी जोडीदार नाही. तिच्या आत काही ठेवताच येत नाही. ती नुसती दोघांच्या मधे उभी राहते.

हे सगळे मला इतके महत्त्वाचे का वाटले, तर आमच्या मोठ्या जाऊबाईंमुळे. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. आयुष्यभर पुस्तक हातात असलेली बाई आता फोन कानाशी धरून ऐकते. फोनमध्ये मजकूर वाचून दाखवणारी सोय असते ती नातींनी चालू करून दिली. मंडळाच्या ग्रुपवर सकाळी तत्त्वज्ञानाचा संदेश येतो तो त्या आवडीने ऐकतात. त्यात मधेच फोन कमळाचे, दिव्याचे, हात जोडल्याचे नाव घेत बसतो. एकदा कंटाळून म्हणाल्या, “अगं, अर्धे प्रवचन आणि अर्धी फुलवाली. विषय बदलला की नाही ते मात्र हा सांगत नाही.”

मी म्हटले, “भाभी, ती फुले म्हणजे मधली रेष आहे.”

“मग रेष म्हणायला काय झाले?”

यातच सगळे आले. डोळ्याने वाचणारीला कमळांची रांग दिसली की कळते, इथे तुटते आहे. कानाने वाचणारीला ती फक्त कमळे ऐकू येतात. वेबपानावर एचआर घातली असेल तर वाचून दाखवणाऱ्या सोयीला कळते की इथे विभाजक आहे. काही सोयी तसे बोलून सांगतात, काही सांगत नाहीत, पण फुलांची नावे तरी घेत नाहीत. आपल्या समाजात साठीच्या पुढच्या, नजर अधू झालेल्या, पण सामायिक न चुकवणाऱ्या किती बायका आहेत ते तुमच्या उपाश्रयात एक नजर टाकून मोजा. मजकूर लिहिणाऱ्या मुली विशी-तिशीतल्या, ऐकणाऱ्या सत्तरीतल्या.

फुलांच्या बाजूनेही बोलते. एक मैत्रीण मला म्हणाली की रेष रुक्ष दिसते, धर्माच्या मजकुराला थोडी शोभा हवी. शोभेला माझी ना नाही. आपल्या हस्तलिखितांइतकी शोभा कोणी केली? पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्था आहे, १९१७ साली स्थापन झालेली. तिच्याकडे सरकारी संग्रहातून आलेल्या पोथ्यांत जैन पोथ्या मोठ्या संख्येने आहेत. जुन्या जैन पोथ्यांमध्ये सुरुवातीला ‘भले’ची खूण असते, आकड्यासारखी दिसणारी. प्रकरण संपले की दोन दंडांच्या मधे ‘छ’ लिहिलेला असतो. त्या ‘छ’ला वाचायचे नसते, तो फक्त सांगतो की हे संपले. दंड आणि श्लोकांचे आकडे लाल शाईने, किंवा त्यांवर गेरू चोळलेला, म्हणजे काळ्या अक्षरांच्या गर्दीत डोळा पटकन तिथे जावा. ताडपत्राला दोरीसाठी भोक असे म्हणून मधे जागा सोडत. पुढे कागद आला, दोरी गेली, तरी ती जागा तशीच ठेवली आणि तिथे ठिपका किंवा नक्षी काढली. ती नक्षी मात्र निव्वळ शोभा, तिने कधी विषय तोडला नाही. लिहिणाऱ्याला दोन्हींतला फरक माहीत होता. (चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फासत. आपण रागाने ‘सगळ्यावर हरताळ फासला’ म्हणतो ते तिथून आले.) पोथ्या लिहिण्याच्या या सगळ्या रीतींवर मुनिश्री पुण्यविजयजींनी १९३५ मध्ये गुजरातीत फार मोलाचे लिहून ठेवले आहे. घरात गुजराती वाचणारे असतील त्यांनी जरूर पाहावे.

आणि आजच्या साधनांत फूलही मिळते. एचआर घालून सीएसएसने तिच्या जागी कमळाचे चित्र दाखवता येते. पाहणारीला कमळ, ऐकणारीला विभाजक. हे काम येणारा एखादा तरुण प्रत्येक संघात असतोच, त्याला नुसते सांगायला हवे.

आपल्या मावळातली एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. तळेगावहून लोणावळ्याच्या बाजूला जाताना कामशेत लागते. त्याच्याजवळ पाले गावाच्या डोंगरात एक लेणे आहे, आणि त्यात ब्राह्मी लिपीतला लेख. ह. धी. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा लेख. भदंत इंद्ररक्षिताने लेणे आणि पाण्याची पोढी खोदवली एवढाच त्याचा व्यवहार. पण त्या व्यवहाराच्या आधी अरिहंतांना नमन कोरले आहे. आजच्यासारखी विरामचिन्हे त्या काळी नव्हती. स्वल्पविराम, पूर्णविराम वगैरे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून मराठीत आले, त्यात मेजर कँडी यांचा मोठा वाटा. तरी कोरणाऱ्याने नमन आणि दान यांचा क्रम नीट ठेवला. चिन्ह नसेल तर क्रमाने आणि ठरलेल्या शब्दाने ते काम करायचे. आपल्या दाभाडे सेनापतींच्या काळातल्या मराठी कागदांवरही शेवटी मोर्तब उठवत, म्हणजे लेखनाची सीमा झाली, याखाली कोणी काही घुसडू नये. शिक्कामोर्तब हा शब्द आपण अजून वापरतो.

खातेवहीतही तेच. बेरजेच्या वर एक रेघ आणि बेरजेच्या खाली दोन. एक रेघ म्हणजे आता बेरीज येणार, दोन म्हणजे हे खाते इथे बंद. पानावर जागा उरली तर तिरकी रेघ मारून ती अडवायची. आमच्या प्राध्यापकांनी पहिल्या वर्षी सांगितले होते की वहीत शोभेची रेघ मारायची नाही, ऑडिटर तिचा अर्थ लावेल. तेव्हापासून मला बिनअर्थाची रेघ दिसली की ती कोणत्या बेरजेची आहे असे वाटत राहते.

आता उलट बाजूचा अतिरेक. रेषा घालायच्या असे ठरल्यावर काही जणी प्रत्येक गाथेखाली रेष घालतात. मी असा लोगस्स पाहिला आहे: ७ गाथा आणि मधे ६ जाड रेषा. लहान मुलाला ती सात वेगळी सूत्रे वाटतील. गाथा संपते तिथे दंड आहे, आकडा आहे, तेवढे पुरे. भक्तामराच्या ४४ श्लोकांमधे एकही रेष नको. भक्तामर संपून कल्याणमंदिर सुरू होते तिथे मोठे ठळक शीर्षक द्या. आणि शीर्षक दिले तर रेषेची गरज नाही, शीर्षकच सांगते की नवे सुरू झाले. एचटीएमएलचे नियम करणाऱ्यांनीही हेच म्हटले आहे, आणि जाऊबाईंनाही हेच सोयीचे: फोनवर त्या एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारू शकतात. जिथे नाव देता येते तिथे नाव द्यावे. नाव देण्यासारखे नसते पण विषय वळतो, तिथे रेष.

अशी जागा कोणती? माझ्या मते सगळ्यात मोठी जागा संवत्सरी प्रतिक्रमणात आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पक्खी, चौमासी आणि संवत्सरी ही प्रतिक्रमणे वेगळी उभी नसतात. देवसी प्रतिक्रमण सुरू करायचे, वंदित्तुपर्यंत जायचे, तिथून वळून पक्खी किंवा संवत्सरीच्या विधीत शिरायचे, तो पूर्ण करायचा आणि परत येऊन देवसीचा उरलेला भाग करायचा. म्हणजे हमरस्ता सोडून एका गावात जाऊन पुन्हा हमरस्त्याला लागणे. दोन ठिकाणी वळण आहे. पुस्तिकेत त्या दोन्ही ठिकाणी काही खूण नसेल तर नवखी बाई गोंधळणारच. त्यात बऱ्याच पुस्तिका पाने वाचवायला तिन्ही विधी एकत्र छापतात आणि काउस्सग्गाचे आकडे तिरप्या रेघा देऊन एका ओळीत टाकतात: पक्खीला १२ लोगस्स, चौमासीला २०, संवत्सरीला ४० आणि वर एक नवकार. संवत्सरीच्या संध्याकाळी, उपवास असलेल्या, अर्ध्या अंधारात बसलेल्या बाईने त्या ओळीतला आपला आकडा शोधायचा.

जाणकार बायका म्हणतात, आम्हाला पुस्तक लागतच नाही. खरे आहे. ज्यांना कंठस्थ आहे त्यांच्या मनातच सगळ्या रेषा आहेत, त्यांना कागदावरची नको. आपली परंपराच ऐकून पाठ करण्याची. पण ज्यांनी पाठ करून घ्यायचे त्या बायका पूर्वी घरात असत. आज सासू एका गावात, सून हिंजवडीत नोकरीला आणि पाठांतर लोकलमध्ये फोनवरून. कुठे थांबायचे हे सांगायला शेजारी कोणी बसलेले नसते. ते काम आता त्या पानाला करावे लागते.

एक बारीक सूचना. वर्डमध्ये तीन आडव्या रेघा टाइप करून एंटर दाबले की पूर्ण ओळभर रेष उमटते, म्हणून बहुतेक जणी तीच वापरतात. ती विषयबदलाची खूण नाही, वरच्या परिच्छेदाला लावलेला काठ आहे. मजकूर हलवला की साडीबरोबर काठ जातो तशी ती त्याच्याबरोबर जाते आणि भलत्याच जागी दिसते. वर्डमध्ये त्यापेक्षा शीर्षकाची स्टाइल वापरा. व्हॉट्सअ‍ॅपवर तर एक मोकळी ओळ आणि पुढच्या मजकुराचे नाव, एवढेच करा. सूचना असेल तर ओळीच्या सुरुवातीला ‘विधी’ असा शब्द लिहा. जुन्या छापील पुस्तकांत सूचना बारीक टाइपात असत, ती पद्धत चांगली होती, पण बारीक टाइप कानाला ऐकू येत नाही. ‘विधी’ हा शब्द येतो.

यंदाच्या आमच्या पुस्तिकेसाठी मी मंडळाकडे तीन गोष्टी मागितल्या आहेत. सूचनांआधी ‘विधी’. संवत्सरीचे काउस्सग्ग स्वतंत्र छापावे, पक्खी-चौमासीच्या ओळीत नको. आणि देवसीतून वळतो तिथे व परत येतो तिथे ठळक रेष, रेषेखाली एक वाक्य: ‘इथून संवत्सरीचा विधी’, ‘इथून पुन्हा देवसी’. छापणारा म्हणतो की असे केले तर चार पाने वाढतील. मंडळातल्या दोघी खर्च वाढतो म्हणून नाराज आहेत. त्यांना मी सांगितले की मागच्या पानावरच्या जाहिराती थोड्या दाटीने बसवा, जाहिराती कोणी सुरात म्हणत नाही. उत्तर अजून आलेले नाही.